झिऱ्यात बसलेले साहेब

“हॅलो?... हॅलो? हां जी मुनीमजी, नवसूच बोलतोय. दाभोशाच्या बंगल्यावरून.”

नवसूने फोन दोन्ही हातांनी धरला होता. मुंबईच्या शेठने हवा खायला नदीकाठी बंगला बांधला, नदीच्या वाटेवरच तारेचं कुंपण घातलं, आणि राखणीला ठेवलं कोणाला? याच गावच्या नवसूला. आता घ्या!

“नाय नाय, शेठच्या पाहुण्या साहेबांना कोणी हात नाय लावला... बाया नुसत्या उभ्या हायेत, हंडे घेऊन... अहो, ऐका ना जी! साहेब झिऱ्यात पाय सोडून बसले. साबण लावून... झिरा, झिरा! वाळूत खणतात तो खड्डा. उन्हाळ्यात आख्खा गाव त्याचंच पाणी पितो... त्यांना काय ठाऊक? त्यांना वाटलं, पाय धुवायलाच केलाय.”

तिकडे जव्हारात शेठचा मुनीम एवढा कडाडला, की खिडकीबाहेर उभ्या फागीने वळून पाहिलं. फागी म्हणजे नवसूची बायको, आणि सगळ्या बायांच्या पुढे तीच.

“फाटक लावू?... कुलूप? मग बाया कुठं खणतील? वर कातळ हाय जी. खालच्या डोहात म्हशी बसतात... कायमची वाट बंद?... नाय, शिपाई नका आणू! नोकरी नको कशी म्हणेन? पोरंबाळं हायेत मला.”

इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात. नवसूच्या गावात मेलं दोन्हींतलं एकही नव्हतं.

“लावतो जी, लावतो... पण साहेबांना आता चहा पाहिजे, आणि रांजण रिकामा... बंगल्याचं पाणी फागीच भरते... कुठून म्हणजे? त्याच झिऱ्यातून!... हां, साबणाच्या. नवा खणायला चार बाया लागतात, वाळू ढासळते... पाहुणे आठ दिवस राहणार ना?... हॅलो? मुनीमजी?”

नवसूने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“हां जी... फाटक उघडं ठेवू? आजच्यापुरतं?”

बाहेर फागीने हंडा वाळूत पालथा घातला आणि शेजारी बसली. मागच्या बायांनीही घातले.

“नाय जी, आजच्यापुरतं नाय भरणार ती... विचारायला कशाला पाहिजे? बायको हाय माझी, दिसतंय ना मला... काय म्हणालात? कायमचं उघडं?... मला नका सांगू. जोरात बोला. तिला सांगा!”

आणि नवसूने फोन खिडकीबाहेर धरला. फागीने कान देऊन सगळं ऐकलं, हंडा सुलटा केला आणि खणायला उठली. मग नवसूने फोन ठेवला.