ओला दिसणारा चौकोन

—नाही काका, नकाशा तयार आहे, आत्ताच प्रिंटरमधून काढलाय, कागद गरम आहे अजून, पण जरा बसा. तुमचे टँकर ह्याच कागदावर सुटतात ना? लाल चौकोनाला पाणी, पिवळ्याला नाही — बरोबर. आता हा बघा, धरणाला लागून असलेला. उपग्रह वरून मातीतली ओल मोजतो, पण त्याची नजर ढोबळ हो — अख्खा चौकोन त्याला एकच दिसतो. अर्धं धरणाचं पाणी, अर्धा कोरडा डोंगर, आणि दोन्ही मिळून तो सांगतो, इथं ओल आहे. ओल कसली? वरच्या वस्तीवरचे बोअर आटलेत, मातीचा नुसता भुगा झालाय. पाणी डोळ्यांना दिसतं, पण खाली उतरायला तो कडा — धरण उशाला नि कोरड घशाला, म्हणतात ना, तसं.

मला कसं माहीत? माझा दादा राहतो तिथं. दादा आणि वहिनी. साहेबांना म्हटलं, सर, हा आकडा फसवतोय, धरणाचा भाग वगळून पुन्हा हिशेब करू या. साहेब वाईट नाहीत हो — म्हणाले, समितीपुढे ठेवू, पद्धत अशी मध्येच बदलता येत नाही. तेही खरंच. मग समितीची बैठकच पुढे गेली. आणि इकडे वहिनी रोज तो कडा उतरायची, सातवा महिना लागलेला — किती वेळा म्हटलं, माझ्याकडे ये राहायला, तर म्हणायची, तुझ्या दादाला एकट्याला टाकून कशी येऊ. घसरली. वहिनी वाचली. बाळ नाही. दादाचा फोन आला — रडला नाही, ओरडला नाही, एवढंच म्हणाला, "तुझ्या नकाशात आम्ही अजून ओलेच का गं?"



म्हणून हा चौकोन आज लाल आहे. कसा म्हणजे? झाला लाल. — बरं, मी केला. सकाळी, साहेब यायच्या आत. आणि त्यात खोटं काय, खरं तेच तर दाखवलंय. पण टँकर वाढत नाहीत ना काका, लाल चौकोन किती ते आधीच ठरलेलं, एक चढवला की एक उतरवावाच लागतो. मग — उतरवला. हा, खालच्या कोपऱ्यातला. तिथली ओल जरा बरी होती — बरी म्हणजे, एकोणीस-वीसचा फरक. नाही, फरक नव्हताच. कितीतरी वेळ पडद्याकडे बघत बसले आणि हाच निवडला, कारण — कारण तिथं माझं कुणी नाही.

बोट काढा त्या खालच्या चौकोनावरून. म्हणजे — तुम्ही स्वतःच टँकर घेऊन जाता तिथं? रोज?

नको काका. कोण भांडी लावून वाट बघतं, कोण पुढे येऊन पाइप धरतं, मला सांगू नका. एकाचंही नाव सांगू नका. हा घ्या कागद. निघा आता.