उत्तरेचा कोपरा

आक्वेई : आणखी एक मासा गेला. झाली का तुझी बाटल्यांची पूजा?

पेइशान : पूजा नाही, आई. पाण्याची चाचणी.

आक्वेई : तेच ते. थेंब टाकायचे, नळी हलवायची, डोळे बारीक करून रंग बघायचा. देवळातला पुजारी निदान उदबत्ती तरी लावतो.

पेइशान : अमोनिया नाही. नायट्राइट नाही. आम्लता बाबांना हवी असते तेवढीच आहे.

आक्वेई : म्हणजे पाणी उत्तम आहे. मासे आपले हट्टाने मरतायत.

पेइशान : मी तसं म्हटलं नाही.

आक्वेई : अख्ख्या पिंगतुंगच्या नळाचं पाणी तुमची प्रयोगशाळा तपासते. लोक अजून जिवंत आहेत, हे त्यांचं नशीब. तुझ्या सासऱ्यांनी उभा जन्म हे सातरंगी मासे पाळले. मऊ पाणी, बदामाची चार वाळकी पानं, संपलं. ते इस्पितळात गेले, टाकी सूनबाईंच्या हाती आली, आणि मरायला माशांची रांगच लागली.

पेइशान : टाकी मी मागितली नव्हती. स्ट्रेचरवरून आत जाताना त्यांनीच सांगितलं, निळ्या जोडीला सांभाळ म्हणून. तुमच्याबद्दल काही बोलले नाहीत.

आक्वेई : माझ्याबद्दल काय बोलणार? मी काय मासा आहे?

पेइशान : उद्या ते घरी येतायत. चपला काढायच्या आधी या टाकीपाशी येतील.

आक्वेई : म्हणून तर विचारतेय. छाती उघडून शिवलेला माणूस. डॉक्टर म्हणाले, मनाला धक्का नको. आणि इथे स्वागताला काय, तर रिकामी टाकी.

पेइशान : निळी जोडी आहे अजून. पण अंग काळवंडलंय, वर येऊन तोंड उघडतायत. आई, टाकीतल्या गोगलगायी कुठे गेल्या?

आक्वेई : मेल्या होत्या, उचलून टाकल्या. आता त्यांचीही चौकशी?

पेइशान : कधी मेल्या? माशांच्या नंतर?

आक्वेई : आधी. सगळ्यांत आधी त्याच गेल्या. सांगायला हवं होतं का? दुखवटा पाळला असतास.

पेइशान : हो, सांगायला हवं होतं. गोगलगायी आधी आणि मासे मागाहून, म्हणजे मला तांब्याची शंका येते; ते गोगलगायींना आधी मारतं. थांबा, ऑफिसातून तांबं तपासायची बाटली आणलीय.

आक्वेई : आणखी एक बाटली. छान.

पेइशान : बघा हा रंग. इतकं तांबं कुठून आलं?

आक्वेई : मला काय विचारतेस? माझी पळीसुद्धा लाकडी आहे.

पेइशान : तुम्ही टाकीत काही टाकलंत का?

आक्वेई : नाही.

पेइशान : बरं. मग वाळूत हात घालून बघते.

आक्वेई : त्या कोपऱ्यात नको.

पेइशान : कुठल्या?

आक्वेई : कुठल्याच.

(पेइशान बाही वर सारून टाकीत हात घालते. वाळूखालून लाल दोऱ्यात ओवलेली पाच जुनी नाणी निघतात.)

पेइशान : पाच बादशहांची शकुनाची नाणी. पितळेची, म्हणजे त्यात तांबं आलंच. आणि इतकी चकचकीत? एवढी जुनी नाणी काळी पडलेली असतात.

आक्वेई : व्हिनेगरने घासली. नवसाची वस्तू मळकी ठेवायची?

पेइशान : वा. तो काळा थर असता तर तांबं थोडंफार तरी अडलं असतं. तेवढं चिलखतही तुम्ही काढून घेतलंत. वर पाणी मऊ आणि आंबट, तांबं विरघळायला अगदी सोयीचं. बाबांची पानं थोडं तांबं धरून ठेवतात, म्हणून हे दोघे तरी उरले.

आक्वेई : चला. पानं हुशार आणि मी गाढव.

पेइशान : कोणी सांगितलं हे?

आक्वेई : फेंगशुईचे मास्तर म्हणाले. उत्तर म्हणजे पाणी. उत्तरेच्या कोपऱ्यात, पाण्यात ठेवा, माणूस घरी परत येईल. येतोय की नाही?

पेइशान : शस्त्रक्रिया सर्जनने केली, आई.

आक्वेई : शेजारच्या पलंगावरच्या माणसाचीही त्यानेच केली होती. तो आला का घरी?

(पेइशान नाणी पुसून टाकीशेजारी ठेवते.)

आक्वेई : बोल ना. त्याची चाचणी नाही का एखाद्या बाटलीत? ठेव ती नाणी परत. ते उंबरठा ओलांडेपर्यंत ती निघणार नाहीत.

पेइशान : तोवर निळी जोडी जाईल.

आक्वेई : मासे बाजारात मिळतात.

पेइशान : हे मला सांगताय ते ठीक. त्यांना सांगाल?

आक्वेई : जखम भरायला म्हणून चुलीवर त्यांच्यासाठी मासाच उकळतोय. आधी झाकण उघडून बघतील, आपल्यातला तर नाही ना.

पेइशान : हसू नका.

आक्वेई : हसत नाहीये. नाणी काढली तर त्यांचं काय होईल, ठेवली तर त्यांचं काय होईल. दोन्हीकडे तेच आहेत, पेइशान. तूच सांग मी काय करू.

पेइशान : मुळ्याच्या लोणच्याची बरणी रिकामी आहे का? काचेची, घट्ट झाकणाची?

आक्वेई : आहे. का?

पेइशान : नीट धुऊन द्या. साबण नको, आणि कृपा करून व्हिनेगरही नको. टाकीतलं पाणी बरणीत भरायचं, त्यात नाणी. झाकण लावून बरणीच टाकीत ठेवायची.

आक्वेई : काचेतून पोचेल का?

पेइशान : काय?

आक्वेई : जे पोचायचं ते.

पेइशान : उजेड पोचतो. ऊब पोचते. तांबं पोचत नाही.

आक्वेई : वकील व्हायला हवी होतीस. ही घे बरणी. आणि आता टाकीतलं पाणी काय घोट घोट काढतेस? ओतून दे सगळं, नवं भर.

पेइशान : एकदम बदललं तर मासे त्यानेच जातील. आत्ता थोडं बदलते, संध्याकाळी थोडं. गाळणीत कोळसा घालते, उरलेलं तांबं तो ओढेल.

आक्वेई : आणि जोडी वाचेल?

पेइशान : वाचेल असं वाटतं. खात्रीने सांगता येत नाही.

आक्वेई : सर्जनही हेच म्हणाला होता. असंच तोंड करून.

पेइशान : झाकण बसलं. बघा, एक थेंब गळत नाही.

आक्वेई : ठेव मग कुठेही. तुझा कुठे विश्वास आहे या सगळ्यावर.

पेइशान : नाहीच आहे.

आक्वेई : मग थांबलीस कशाला?

पेइशान : उत्तरेचा कोपरा नक्की कुठला, तो बोट ठेवून दाखवा.