गव्हानंतरची नाचणी

माझं माहेर माणगावच्या पुढचं, आणि लग्न होऊन आले ती ठाकुर्लीत, गिरणीवाल्यांच्या घरात, तेव्हापासून अंगाला पीठच आहे बघा. सासरे तेव्हा गिरणीवर बसायचे. मला बोलले, सुनंदा, गिरणी कानांनी चालवायची. दाणे संपत आले की आवाज बदलतो, दगड तापला की बदलतो, खडा आला तर तेव्हाच कळतो. आणि पीठ पडतं तिथे सारखी चिमूट घेऊन बोटांत चोळायची. मला यायला वर्ष लागलं, पण आलं ते असं की मी आत पोळ्या लाटत असले तरी ओरडायची, अहो बाबा, ज्वारी संपली!

मग बाबा गेले, मिस्टर रिक्षा चालवतात, तर गिरणी माझ्याकडेच आली. त्यात मिस्टरांनी मोठा फोन घेऊन दिला. आधी मी नुसत्या रांगोळ्या बघायची, मग रेसिपी, मग कुणाच्या सासू-सुनेची भांडणं, मग कुठल्या बाईने कपाट कसं लावलं ते. माझं कपाट एकच, त्याचंही दार लागत नाही, आणि मी दुसऱ्यांची कपाटं बघत बसलेली! गिरणीच्या घरघरीत ऐकू येत नाही म्हणून कानांत वायरी घातल्या. म्हणजे ज्या कानांवर धंदा, तेच बुजवले. काय सांगू तुम्हाला, गिऱ्हाईक समोर उभं राहून काकी, काकी करायचं आणि माझा अंगठा आपला चाललाय वर वर.

आता अश्विनीचं सांगते. आमच्या मागच्या बिल्डिंगमध्ये राहते. तिची मुलगी ओवी, पहिलीत आहे, तिला गहू चालत नाही. म्हणजे आवडत नाही असं नाही हो, चिमूटभर पोटात गेला तरी पोर आजारी पडते. आमच्या दुकानात गिरण्या दोन, एक गव्हाची, म्हणून तिची नाचणी मी दुसऱ्या गिरणीवर दळायची, तिच्यात गहू घालायचाच नाही असा माझा नेम. त्या दिवशी गव्हाच्या गिरणीचा पट्टा तुटला, रांग लागलेली, मी गहू दुसरीवर घेतला. अशा वेळी काय करायचं ते मला झोपेत विचारा, सांगेन. दगड उघडायचा, ब्रशने झाडायचा, वर तांदूळ दळून फेकून द्यायचे, आणि तेवढं करूनही ओवीचं दळण त्या दिवशी घ्यायचं नाही, उद्या ये सांगायचं. आणि मी काय केलं? ओवीचा डबा उचलला, त्याच गिरणीत नाचणी ओतली, पुन्हा फोन. ध्यानातच नाही!

दोन दिवसांनी अश्विनी आली, तोंड उतरलेलं. ओवी उलट्या करून अर्धी झालेली, सलाईन लावलेलं. बोलली, काकी, त्या दिवशी त्या गिरणीत गहू गेलेला का? आणि मी बोलले, छे गं, बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल. असं बोलले मी. लाज वाटते सांगायला, पण लिहा, तसंच लिहा.

ओवी घरी आली तेव्हा मी त्यांच्या दारात गेले. म्हटलं, मी खोटं बोलले, गहू गेलेला, मी फोन बघत होते. अश्विनी बोलली, माहितीये मला, तुमच्या कानात वायर होती. एवढंच. दार आपटलं नाही, पण आत या असंही म्हणाली नाही. दळण बंद झालं तिचं.

त्याच दिवशी फोनमधून सगळं काढून टाकलं. आणि तिसऱ्या दिवशी संडासात बसून परत टाकून घेतलं! हसा, हसा. मला माझीच अशी चीड आली की मिस्टरांना बोलले, हा तुम्ही ठेवा, मला बटणांचा आणा. ते हसले, तुझ्याने चार दिवस नाही निघायचे. म्हटलं, बघाच तुम्ही. माझं डोकं फिरलं की फिरलं. पण जड गेलं हो. हात आपोआप गाऊनच्या खिशात जायचा. दळणाची पाच मिनिटं सरता सरेनात. मग हात चाळवला की तो पिठाखाली न्यायचा, चिमूट घ्यायची, चोळायची. गिऱ्हाइकं बोलायची, काकी, दळण झालं की मेसेज टाका ना. नाही टाकणार, फोन करा नाहीतर या. दोघी-तिघी दुसरीकडे गेल्या, जाऊ देत. आणि महिन्याभराने एके सकाळी दगड तापल्याचा आवाज माझा मला कळला, किती दिवसांनी! मी एकटीच हसले.

मग त्या दुसऱ्या गिरणीत नवा दगड बसवून घेतला. आता पट्टा तुटला तर तुटला, गव्हाला सुट्टी. अश्विनीला निरोप पाठवला, तरी ती कितीतरी दिवसांनी आली. डबा ठेवून बोलली, मी समोर उभी राहणार. म्हटलं, राहा ना. तेव्हापासून दर गुरुवारी सकाळी पहिलं दळण ओवीचं, गव्हाची गिरणी चालू व्हायच्या आधी. स्टूल दिलं तरी बसत नाही, माझ्या हातांकडे बघत उभी असते. बघू दे. मी आई असते तर मीही बघितलं असतं.

गेल्या गुरुवारी डबा ठेवला आणि बोलली, काकी, आज मी थांबत नाही, ओवीला शाळेत सोडायचंय, येताना पीठ नेते. माझे डोळेच भरले. पण मिस्टरांचा फोन वाजला की अजून माझी मान वळते, माझं मला ठाऊक. म्हटलं, थांब गं अश्विनी. अजून नको. तू सोडून ये, तोवर डब्याचं झाकण उघडत नाही मी. ती बोलली, बरं काकी. आली परत, उभी राहिली, मग दळलं. पोर खुशाल आहे, देव तिला सुखात ठेवो. आता तू जा, उभी राहू नकोस, असं अश्विनीला एक दिवस सांगणार आहे मी. पण ते मी सांगेन तेव्हा.