झडतीची शेवटची ओळ

— नाही नाही, त्या खुर्चीवर नका बसू ताई, तिचा एक पाय गेलेला आहे — इकडं पलंगावर बसा, मी वायरी सरकवते. हं. अन् ती पिशवी खाली ठेवा ना, मांडीवर कायले धरून बसल्या? आई बाजारात गेली आहे, नाहीतर चहा तरी — पाणी देऊ? नको? बरं. तं मी काय म्हणत होती — हो, क्लिप. तुमी दारातच विचारलं ना, आमच्या बाबांची पूर्ण क्लिप आहे का तुझ्याजवळ — तं आहे. म्हणजे असाले पाहिजे. पण तिचं असं आहे ताई, की ती मोबाइलनं काढलेली, अन् मोबाइल जी फाइल बनवते ती या कम्प्युटरले पचत नाही. अकरावीत होती तवाचा कम्प्युटर आहे हा. चित्र दिसते तं आवाज येत नाही, आवाज येते तं चित्र अटकते. मंग पहिले कन्व्हर्ट करा लागते. ही हिरवी पट्टी दिसून राहिली ना? ती उजवीकडं टोकाले गेली की झालं. मी लावूनच ठेवलं होतं. तुमी येणार म्हणून नाही — मले काय ठाऊक तुमी येणार. असंच.

तुमी कायले आल्या ते समजते मले. अकोल्याहून इथं, म्हणजे सुटी टाकून आल्या असाल, तलाठ्याले कुठी सुटी भेटते — अन् एवढं येऊन तुमी काही बोलून नाही राहिल्या, नुसत्या पाहून राहिल्या माझ्याकडं. बोला ना. शिव्या द्या. नाही, थांबा, पहिले माझं ऐका, मंग द्या. कारण सगळे म्हणून राहिले की प्रणालीनं मुद्दाम केलं, डोमाजीबाबांची बदनामी केली, अन् असं नाही आहे. मी पोळ्याले मामाकडं आली होती तुमच्या गावात. बैल तोरणाखाली उभे झाले, डफडं वाजत होतं, बाबा बैलबंडीवर चढले अन् झडती म्हणाले. मी मोबाइल धरला. आता मी अमरावतीत वाढलेली पोरगी, मले झडतीतलं, त्या टोमण्याच्या गाण्यातलं, काय समजते? मले तं जे ऐकू आलं ते ऐकू आलं —

पोरगी शिकली, शेफारून गेली,
घरची भाकर तिले कडू झाली,
बंद करा कॉलेज, आना तिले घरी,
शेनाची पाटी द्या डोक्यावरी!

— अन् समोरचे बापे हसून राहिले, फेटे उडवून राहिले. तुमीच सांगा, हे ऐकून माझ्यासारखीच्या डोक्यात काय होईन? मी संध्याकाळच्या गाडीनं घरी आली, हात-पाय न धुता इथं बसली, अन् तेवढा तुकडा कापून टाकला माझ्या पानावर. कापाच लागते ताई, हे लोकांले समजत नाही! लांब व्हिडिओ पाहते कोण? पहिल्या क्षणात माणूस अडकला नाही तं अंगठ्यानं वर सरकवून मोकळा. म्हणून कापलं. आडवी क्लिप उभी केली, बाबांचा चेहरा जवळ आणला, खाली अक्षरं टाकली — ‘हाच का आपला प्रगत महाराष्ट्र?’ बस. एवढंच केलं मी.

मले काय ठाऊक ते एवढं पसरन. माझ्या पानावर रोज काय दोन-चारशे लोक येतात, त्यात अर्ध्या माझ्याच मैत्रिणी. अन् हे तं सकाळी उठून पाहते तं पुणे, मुंबई, कुठं कुठं — लोकांनी त्यावर गाणे टाकले, बाबांच्या डोक्यावर शिंगं काढले. कोणी लिहिलं, या थेरड्याच्या घरात पोरगी असन तं तिची कीव येते. अन् त्या घरातली पोरगी तं — हो. तुमी. तुमच्या ऑफिसातल्या बायांनी तुमालेच पाठवली म्हणे ती क्लिप. कोणाचा बाप आहे हे न समजता. मामा सांगत होते फोनवर. मामानं मले बरंच काय काय सांगितलं. तान्ह्या पोळ्याचंही. दरवर्षी लेकरं लाकडी बैल घेऊन येतात अन् बाबा त्याइच्यासाठी छोट्या-छोट्या झडत्या म्हणतात, अन् यंदा बचत गटाच्या बाया पुढं झाल्या, म्हणल्या, डोमाजी, तुमी नका येऊ, आमाले पोरी आहेत. अन् बाबा हातातला खाऊचा पुडा तिथंच ओट्यावर ठेवून वापस गेले. — हे माहीत आहे मले. तुमी सांगू नका.

पट्टी अर्ध्यावर आली पाहा.

पण ताई, राग नका येऊ देऊ, मी एक विचारते — असे लोक नाहीत का? माझ्या वर्गात रागिणी होती, मोर्शीकडची. बीएस्सीले आमच्या सगळ्याइच्या पुढं. गणित असं सोडवे जसं कोणी शेंगा सोलते. दुसऱ्या वर्षी लग्न ठरलं, साक्षगंध झालं अन् परीक्षेले आलीच नाही. मी फोन केला तं तिचा बाप म्हणते, आता तिले पेपरचं काय काम? तिच्या आईनं तं हसून सांगितलं मले, हसून! त्या दिवशी मी हे पान सुरू केलं. ‘बोल पोरी’ नाव ठेवलं. कोणी पाहे ना. मी चांगले-चांगले व्हिडिओ बनवले, आकडे टाकले, कायदे सांगितले, कोणी थुंकून पाहिलं नाही. अन् मंग हा माणूस बंडीवर चढून तेच म्हणते जे रागिणीच्या बापानं म्हटलं होतं — शब्दाले शब्द! ते वाक्य खोटं होतं का? माणूस चुकीचा सापडला, बरोबर आहे, माणूस चुकीचा सापडला, पण वाक्य तं खरं होतं ना? ... असं पाहू नका. मलेही ऐकू येते मी काय बोलून राहिली ते.

तसंही झडती म्हणजे सोपी गोष्ट आहे का, कोणालेही फसवन ती. पहिले गोड-गोड चालते अन् नांगी असते शेवटी. मी पाचवीत असन, तवा बाबांनी सरपंचावर म्हटली होती, आठवते? किती रस्ते बांधले, किती दिवे लावले — सरपंच मिशीवर हात फिरवून राहिला, अन् शेवटच्या ओळीत निघालं की सगळे दिवे त्याच्याच वाड्यापुढं! काय हसले होते लोक. सरपंच बैल सोडून पळाला. आमी सगळे पोट्टे त्या एका ओळीसाठीच तं थांबत होतो दरवर्षी, उन्हात, तहान लागली तरी. मामी हाका मारे, अन् मी म्हणे थांब ना मामी, अजून ‘एक नमन’ नाही झालं — ते झाल्याबिगर झडती पुरी होते का —

...

लहानपणची गोष्ट आहे ही. लहानपणी काय समजते.

झालं पाहा. पट्टी भरली. सरका इकडं, दाखवते. हे घ्या, तुमचे बाबा. नवं धोतर नेसले होते ना यंदा? अन् हे मागं तुमचा तांबडा बैल, शिंगाले बेगड लावलेली. आवाज चांगला आला. हे पहिलं कडवं... हे झालं... अन् आता हे — हं. इथून पुढं आवाज नाही आहे. मोबाइलच्या माइकनं दगा दिला असन. डफडं लय जवळ होतं ना, त्यानं होते कधी-कधी. पण चित्र पूर्ण आहे! तुमी दारात म्हणत होत्या ना, गणपतीच्या मंडपात पडदा लावून दाखवायची त्या बायाइले, तं दाखवा, खाली अक्षरं टाकून देते मी, मोठे-मोठे, त्याइनं काय म्हटलं ते —

काय? ... नाही, म्हणजे, मले कसं ठाऊक काय लिहायचं ते? ... मामानं सांगितलं. ... नाही. नाही, मामानं नाही सांगितलं. मामाले कधी पाठ होते झडती.

असा वरडे पाटील पारावर बसून,
फेरफाराले गेला टोपी झटकून,
वर मान करून पाहे तं काय,
हसला जिले तेच खुर्चीवर हाय!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

पाठ आहे मले. तिथंच पाठ झाली, एकदा ऐकून. तुमच्यावर आहे ना ती, तुमी तलाठी झाल्या त्यावर? तुमच्या कॉलेजच्या वेळेस पारावरचे लोक जे बोलत होते बाबाले, तेच त्याइनं त्याइच्या तोंडावर म्हणून दाखवलं. मले माहीत होतं ताई. कापताना माहीत होतं. ‘पाटील’ यायच्या आधी कापलं मी, बरोबर तिथं, एक अक्षर इकडं नाही की तिकडं नाही. वाटलं, एका दिवसाचा प्रश्न आहे, कोण पाहते, पाहतील माझ्याच मैत्रिणी, थोडी चर्चा होईन — अन् चर्चा तं चांगल्या गोष्टीची होईन. म्हातारा माणूस खेड्यात बसलेला, त्याच्याजवळ साधा मोबाइल, त्याले समजणार पण नाही. हे पण वाटलं. मी, बोल पोरीवाली, हे वाटलं मले.

अन् माइक खराब नव्हता. ही पाहा आवाजाची रेघ, ही खरी फाइल. इथं बाबांचा आवाज — लहान-लहान, मुंग्यांच्या रांगेसारखा, ते लांब होते ना बंडीवर. अन् हा मधातच डोंगर उभा आहे, हा दिसला? ही मी आहे. मोबाइल माझ्याच हातात, तोंडाजवळ. ‘खुर्चीवर हाय’ आलं अन् मी अशी जोऱ्यात हसली — वरून ‘वा बाबा, वा!’ हेही म्हटलं. आठवडाभर बसून राहिली मी इथं. वाटलं पूर्ण क्लिप टाकून देऊ, माफी मागू, संपलं. पण पूर्ण टाकली तं माझं हसू जाते सोबत, अन् ते ऐकलं की शेंबडं पोट्टं पण सांगन, हिले समजलं होतं. मंग हसू काढाले बसली. निघत नाही ताई. डोंगर कापला तं मुंग्या जातात. त्याइच्या शब्दाइवर बसलं आहे माझं हसू. एक तं त्याइची ओळ जाते, नाहीतर मी राहते. मंग मी त्याइची ओळ पुसली. दुसऱ्यांदा.

बोला आता. मी चूप बसते.

...

काय म्हणता?

...

पारावर? बाबा सगळ्याइले सांगून राहिले? — ‘ते पोरगी तं हसली होती.’ असं? — ‘मी वरून पाहिलं, बरोब्बर जागेवर हसली, तिले समजलं होतं, ते असं करनच नाही. तिच्या मशीनमंधीच काही बिघाड झाला असन, नाहीतर कोणी चोरून कापली असन.’ — बाबा म्हणाले? तुमाले म्हणाले, जाऊन त्या पोरीले सांग, तुझ्या नावावर कोणी खोटी क्लिप फिरवून राहिलं? म्हणून आल्या तुमी? हे सांगाले?

मंग दारातच काहून नाही सांगितलं!

... हो. मी बोलू कुठी दिलं.

अन् हे पिशवीत — मुगाच्या शेंगा. माझ्यासाठी. कोवळ्या पाहून तोडल्या. त्याइनंच.

द्या. पेनड्राइव्ह द्या तुमचा. ही खरी टाकून देते, हसण्यासकट. काही पुसलं नाही यात, एक अक्षर नाही, घरी जाऊन ऐकून पाहा. माझ्या पानावर पण टाकते, तुमच्यासमोरच टाकते, हे पाहा — चढून राहिली. अन् बाबाले सांगा, बिघाड नव्हता म्हणा मशीनमंधी. सांगाल? ... काहून नाही? ... मी? मंडपात येऊन? मी नाही येत ताई. पडदा कोणीही लावन, त्यात काय आहे, एक वायर इकडून तिकडं — मी तिथं उभी राहीन अन् ते माझं हसू भोंग्यातून निघन, अन् बाबा समोर बसलेले, सगळ्याइकडं वळून म्हणतील, पाहा, म्हटलं नव्हतं का, पोरगी हसली होती —

नाही. जा तुमी. गाडी चुकन तुमची. आई येईन आता, तिच्यासमोर नको. — ताई, ती पिशवी. पिशवी इथं नका ठेवू. उचला. उचला ना ती पहिले.