थोरलीचं भाकीत

—नाही हो, दोष आमचा कसा? बसा ना, त्या स्टुलावर बसा, तो मुकुट सरकवा बाजूला. हे लांब नाक चिकटेपर्यंत मला मान हलवता येत नाही, तोंड मात्र चालतं. तर तुम्ही आमच्या नाटकावरच्या निबंधात लिहिताय, की चेटकिणींनीच त्या भल्या सेनापतीला नादी लावलं आणि राजाचा खून करवला. अहो, मी थोरली चेटकीण नि या दोघी धाकट्या, आम्ही तिघी करतो काय — धुरात उभ्या राहतो नि म्हणतो, तू राजा होशील. झालं. सुरा घे म्हणतो का? नाही म्हणत. सुरा त्याचा, हात त्याचा, टोचणी बायकोची.

इथलंच सांगते. सेनापतीचं काम करतो ना, तो आमचा राजबिंडा — गेल्या वर्षी इथेच दाढी चिकटवत बसला होता. मी आपलं गंमत म्हणून, नाटकातला आवाज काढून म्हटलं, "या नाटक कंपनीचे पुढचे मालक तुम्हीच." तो हसला. घरी जाऊन बायकोला सांगितलं, ती नाही हसली. मग कुजबुज सुरू — मालकांना म्हणे आता संवाद आठवत नाहीत. मालक तेव्हा राजाचं काम करायचे. आठवायचं हो सगळं, पण हाच ऐन प्रवेशात भलतंच वाक्य टाकायचा, म्हातारा माणूस अडखळणारच. लोक हसले. पुन्हा हसले. एके दिवशी मालकांनी अंगरखा उतरवून खुंटीला अडकवला नि लेकीकडे निघून गेले. भरलेल्या थिएटरात राजा मेला, रक्ताचा थेंब नाही, नि कंपनी याच्या हातात.

मला आधी कसं कळलं? त्यात काय कळायचंय — मालकच म्हणाले होते, थकलो गं, हंगाम संपला की कंपनी त्यालाच देऊन टाकतो, एवढ्यात बोलू नकोस कुणाला. म्हणजे तो नुसता गप्प बसला असता तरी — हं. हे लिहू नका. मी सांगितलं, पुरतं नाही सांगितलं, एवढंच. पुरतं सांगितलं तर ते भाकीत कसलं, ती नुसती बातमी.

आता त्याची झोप उडालीय. रोज प्रयोगाआधी दारात उभा — ताई, पुढचं काय दिसतंय? मघाशीही आला होता. मला काही राहवेना. म्हटलं, तुमची जागा घेणारा बाहेरून येईल, उंच असेल, डोळ्यांवर चष्मा असेल — अहो, चष्मा काढून काय होणार, उंची कुठे लपवाल?

पावलं ऐकताय ना, त्याचीच ती. जा, मागच्या दाराने जा. आणि जिन्याखाली त्याची बायको उभी असेल — गोड बोलेल, थांबू नका.