बहिऱ्या जर्मनाचं चांदणं

आन् परत थांबवलं की हो! तुमास्नी सांगतो, त्या मडमबाईनं पियानोवर बोटं टेकवली न्हाईत तवर बॅरिस्टर भुजंगरावांचा हात वर... "थांबा! या तीन सुरांत काय आहे?" आता काय आसणार? तीन सूर आसतील की! पण न्हाय. "या तीन सुरांत," म्हणाले, "चांदणं आहे!" चांदणं! भर दुपारी, चैताच्या उन्हात, बंगल्याच्या दिवाणखान्यात लोकं घामानं निथळत्यात, आन् ह्यांचं आपलं सरोवर, होडी, चांदणं... आवो, वाजवा की!

दिलदारला तर नुसता उबग आलावता. दिलदार म्हंजे नाटक कंपनीचा पेटीवाला. त्येची पेटी सुरू झाली की पडद्यामागं चहा पिणारा राजा कप टाकून पळत यायचा, आसा हात! पण वरीस झालं, त्येचं कान जात चाललंवतं. बारीक सूर तर ऐकूच येईना. हे ठावं कुणाला? त्येला, आन् शेजारी बसणाऱ्या केरबा तबलजीला. केरबा मान हलवायचा, दिलदार त्या मानंकडं बघून पेटी वाजवायचा. कंपनीचं मालक बाळासो, त्येंच्या कानावर गेलं आसतं तर? वळकटी उचला आन् चालू लागा!

आन् अशात केरबानंच बातमी आणली. "दिलदारभाई, बॅरिस्टरनं मुंबईस्नं पियानो आणलाय. एका जर्मनाची गत वाजवून तिचा अर्थ सांगणार हायत. त्यो जर्मन कानानं बहिरा झालावता म्हणं, तरी थांबला न्हाय!"

बहिरा? आन् थांबला न्हाय? दिलदारनं ठेवणीतली टोपी काढली. त्येला चांदणं नको हुतं, सरोवर नको हुतं. कान गेल्यावर गडी करत काय हुता, एवढंच पायजे हुतं!

पण बॅरिस्टर तिकडं वळतील तर शप्पथ. "त्याची एक शिष्या होती. उमरावाची कन्या! ही रचना त्यानं तिलाच अर्पण केली. आणि तिनं लग्न केलं... दुसऱ्याशी!" आसं म्हणून रुमालानं डोळं टिपलं. आवो, पोरगी जर्मनाची गेली, तुमी का रडताय?

दिलदारनं केरबाला ढोसलं. "काय म्हणत्यात?"

केरबा त्येच्या कानाला तोंड लावून म्हणाला, "पोरगी दुसऱ्याला दिली!"

"कुणाची?"

"जर्मनाची न्हवं... जर्मनाला न्हाय दिली!"

"मरू दे ती पोरगी! कानाचं काय?"

"कानाचं आजून आलं न्हाय!"

आता मला सांगा, कुस्तीच्या मैदानात आसं चालंल का? पैलवान लांग बांधून हौद्यात उतरलाय, आन् वस्ताद म्हणतोय, थांबा मंडळी, ह्या पैलवानाचं लगीन मोडलंय, त्येचं दुख्ख ह्या दंडात दिसतंय... लोकं वस्तादालाच हौद्यात घालतील! आन् कळस तर पुढंच. बॅरिस्टर म्हणाले, "तसं पाहता चांदणं हे नाव त्यानं दिलेलंच नाही. तो गेल्यावर दुसऱ्याच कुणी ठेवलं." घ्या! मग मघापास्नं आमाला कशाला भिजवलं त्यात? वाजवा की हो!

शेवटाला दिलदार उभाच ऱ्हायला. "सायेब, कान गेल्यावर त्येनं केलं काय?"

बॅरिस्टरांनी चष्म्यावरनं बघितलं. "त्याचा या रचनेच्या सौंदर्याशी काही संबंध नाही. बसा."

संबंध न्हाय! केरबानं ते कानात सांगितलं आन् दिलदारच्या तोंडात आसं कडू आलं, की पानाची पिंक टाकावी आन् उठावं. पण बसला. बॅरिस्टर बी बसलं. सगळी गप. मडमची पाठ लोकांकडं, केरबाचं डोळं मिटल्यालं, मालक बाळासो फुडच्या खुर्चीत पुतळ्यागत. दिलदार वाट बघतोय... बघतोय... कायच न्हाय. आन् गड्याचा तोल सुटला. उठून वरडला, "आवो, आता तरी वाजवा की!"

साऱ्या माना वळल्या. केरबानं डोळं उघडलं, आन् त्येचा चेहरा बघून दिलदारला कळलं. गत कवाच सुरू झालीवती. बाळासोंनी नुसतं बघितलं. कान गेलं ते गेलं, चोरी बी उघडी पडली!

मडम मातर थांबली न्हाय. गत फिरत फिरत शेवटच्या भागावर आली आन् मग काय हो! घोडी उधळल्यागत बोटं पळाया लागली. ते दिलदारला आलं ऐकू, निम्मंअर्धं. त्यो चालत गेला आन् पियानोच्या लाकडावर पंजा ठेवला. बॅरिस्टर किंचाळले, "हात काढा! पॉलिश जाईल!" मडमनं मान हलवली, ऱ्हाऊ द्या. दिलदारच्या कोपरापातूर गत चढली. त्येनं हात काढला न्हाय. शेवटचा ठोका पडून लाकूड गार होईस्तवर न्हाय काढला.

दुसऱ्या दिशी बाळासोंनी पान जुळवत सांगितलं, "दिलदारभाई, तुमास्नी काय घालवत न्हाय. पेटीवर कागलचा पावणा बसंल. तुमी पडदा वडा. त्येला कान लागत न्हाईत."

केरबाला रडू फुटलं. दिलदारनं तळहातावर थुकून दोरी धरली आन् म्हणाला, "केरबा, बॅरिस्टरनं सगळं सांगितलं बघ, पण त्यो जर्मन मोठा का झाला ते काय सांगितलं न्हाय. आरं, त्येला नाटक कंपनीचा मालक न्हवता!"