फ्लेक्सवरचा पांढरा कागद

आमच्या शाळेतली वैशू आता अ‍ॅडल्ट फिल्ममध्ये काम करते. अख्ख्या नाशिकला हे ठाऊक आहे, पण विचारलं तर कुणालाच ठाऊक नसतं.

तर परवा आमच्या बॅचचं गेट-टुगेदर ठरलं. वैशू फोनवर म्हणाली, "तुम्ही करा मजा. मला बघून लोक तोंड फिरवतील." मी चिडले आणि चौकातल्या फ्लेक्सवर सगळ्यांसोबत तिचाही दिवाळीतला, साडीतला फोटो टाकला.

फ्लेक्स लागताच आमचे खेळाचे रिटायर्ड सर डिंक घेऊन हजर! "शाळेची अब्रू आहे," म्हणत त्यांनी तिच्या चेहऱ्यावर पांढरा कागद चिकटवला. मी तो काढू नये म्हणून सर खुर्ची टाकून तिथेच बसले.

एरवी असल्या फ्लेक्सकडे कुणी ढुंकून बघत नाही. आता मात्र स्कूटर थांबायला लागल्या.

"सर, कागदाखाली कोण?"

"कुणी नाही."

"मग झाकलं कशाला?"

खरं सांगायला सरांची जीभ रेटेना. शेवटी ते दूधवाल्यावर खेकसले, "अरे, आपली वैशाली! जिल्ह्याची खो-खोची ढाल आणली होती तिने. अंगात ताप असताना खेळली पोरगी!"

मग येईल त्याला तेच. संध्याकाळपर्यंत जिल्ह्याची ढाल राज्याची झाली होती.

मी गुपचूप वैशूला फोन लावून सरांच्या दिशेने धरला. तिने कागदापासून ढालीपर्यंत सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "कागद राहू दे गं. सरांना म्हणावं, काढायला मी स्वतः येतेय."